दुसरा क्राटोक्विल

बेलवुड कॉलेजचा कोच हर्शल प्रूइटने क्राटोक्विलांच्या अंगणात गाडी उभी केली, पण खाली उतरायला त्याचा पाय निघेना.

नेब्रास्कातल्या या खेड्यांनीच बेलवुडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ पोसला होता. इथली धिप्पाड पोरं हेल्मेटला हेल्मेट भिडवून समोरची फळी मागे रेटत न्यायची. या घरचा थोरला वेंडेल त्यांच्यातला सगळ्यात दांडगा. तो शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना प्रूइटने इथेच स्वयंपाकघरात बसून त्याला शिष्यवृत्तीचा शब्द दिला होता. आणि करारावर सह्या व्हायच्या तोंडावर, टेक्सासचा एक नावाजलेला खेळाडू गळाला लागतोय म्हटल्यावर, फोनवरूनच तो शब्द मागे घेतला होता.

टेक्सासवाला एक हंगाम खेळला आणि मोठ्या कॉलेजात निघून गेला. त्याच्यामागून आणलेलेही तसेच गेले. गावोगाव बोभाटा झाला, शाळांचे प्रशिक्षक प्रूइटचे फोन उचलेनासे झाले. यंदा संघ जवळजवळ प्रत्येक सामना हरला होता, मैदानाभोवती नुसती रिकामी बाकं दिसत.

"या कोच," वेंडेलची आई डार्लीन म्हणाली. तिने कॉफी आणि जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले. धाकटा टोबिन इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला होता.

"मला बेलवुडलाच खेळायचंय, सर," त्याने बसल्या बसल्याच सांगून टाकलं.

वेंडेल धान्याच्या कोठारावरून कामाच्या कपड्यांतच आला होता. तो दाराला टेकून उभा राहिला. "मी त्याला अडवणार नाही. फक्त एक सांगा कोच, उद्या कुणी मोठ्या नावाचा भेटला, की याला कधी फोन करणार?"

"वेंडेल! पाहुणे आहेत ते."

"म्हणून तर कॉफी मिळाली, आई."

प्रूइटपाशी गोड उत्तर तयार होतं. पण कालच कॉलेजच्या अध्यक्षांनी त्याला बजावलं होतं: कुठून तरी मोठं नाव आण, नाहीतर घरी बस. टोबिन आशेने त्याच्याकडे बघत होता, अगदी भावासारखाच. प्रूइटने हातातला कोलाचे बशीत परत ठेवला.

"कॅन्ससच्या कॉलेजनेही बोलावलंय ना तुला? तिकडे जा बाळा. माझ्या शब्दाचा मलाच भरवसा नाही."

टोबिनचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कमी पडतो?"

"छे रे. तू चांगला आहेस." प्रूइटने मान वर करून दाराकडे पाहिलं. "हासुद्धा चांगलाच होता. चूक माझी होती, वेंडेल."

"हे तेव्हा बोलला असतात तर..." वेंडेल मध्येच थांबला. टोपी डोक्यावर चढवून तो मागच्या दाराने निघून गेला. डार्लीनने कप उचलले.

नाताळाआधीच कॉलेजने प्रूइटला काढलं. टोबिनने कॅन्ससला संघात जागा पटकावल्याचं त्याला पुढे न्हाव्याच्या दुकानात कळलं. त्याला बरं वाटलं. वेंडेलचं काय चाललंय, हे मात्र कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला त्याची जीभ रेटली नाही.