गिताबाईंच्या बरणीतलं चूर्ण

मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. खाली पांढरी, वर तपकिरी, आणि काठाचा एक टवका उडालेला. मित्रांनो, तो टवका माझ्या वयाची खूण. माझ्या चुकीची खूण वरून दिसत नाही, म्हणून ती आज मीच सांगते.

शिरूरच्या बाजारातून गिताबाईंनी मला वडगाव रासाईला आणलं ते लोणच्यासाठी. माझ्या बाबतीत त्या फार कडक होत्या. आधी कडक उन्हात वाळवायचं, मग हिंगाची धुरी द्यायची, आणि मगच कैरीच्या फोडी आत. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. ओला हात लावायचा नाही. लोणच्याशिवाय माझ्यात दुसरं काही ठेवायचं नाही. आळीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या, शेजारच्या सारजाबाई सगळ्यांच्या आधी. गिताबाईच्या बरणीतलं म्हटलं की कुणी वास घेऊनही बघत नसे. मला त्याचा भारी तोरा होता.

गिताबाईंचा मुलगा जालिंदर कारखान्यात पॅकिंगला होता. त्याची धरलेली पाठ पुण्यातल्या एका बाईंनी केसासारख्या बारीक सुया टोचून मोकळी केली. मग दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन तो ते काम शिकला. निरोप देताना बाईंनी त्याची एका कागदावर सही घेतली. आपण सुया टोचायच्या, औषध द्यायचं नाही, आणि डॉक्टरांनी चालू केलेलं औषध बंद करायला सांगायचं नाही. जालिंदरनं तो कागद चौकट करून शिक्रापूरला सुया टोचण्यासाठी घेतलेल्या खोलीत लावला. सत्त्याण्णव साल असेल ते.

त्याचा हात चांगला होता. हायवेवरचे ट्रकवाले, कारखान्यातले कामगार कंबर धरून यायचे आणि सरळ चालत जायचे. अडचण एकच होती. सुया काढल्या तरी माणसं उठायची नाहीत. आमच्याकडे औषधाची पुडी न घेता घरी जाणं म्हणजे अर्धाच उपचार. कंबर दाखवायला आलेले बिरदेवआबा तर तोंडावर म्हणाले, “टोचलेल्या सुया बी काढून घेतल्या. मग दिलं काय तुमी आमास्नी?”

जालिंदर ओशाळला. त्यानं जांभळाच्या बिया वाळवल्या, त्यात मेथ्या घातल्या आणि लोक शुगरवर, अंगदुखीवर घेतात तसलं चूर्ण कुटलं. त्या वर्षी आंब्याचा मोहोर गळाला होता, त्यामुळे मी रिकामी होते.

“आई, बरणी दे.”

“लोणच्याबिगर तिच्यात काय जात न्हाई,” गिताबाई म्हणाल्या.

“घरचंच हाय. झाडपाल्यानं कुणाला अपाय व्हतो व्हय?”

अखेर त्यांनी मला दिलं. माझा नियम तिथं मोडला, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. फडताळातून निघून मी दवाखान्याच्या टेबलावर चालले होते.

सारजाबाई गुडघ्यासाठी आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “ही तर गिताबाईची बरणी.” त्यांना शुगर आहे हे कळल्यावर जालिंदरनं पुडी बांधली. त्यांनी विचारलं, “दवाखान्याच्या गोळ्या हायत शुगरच्या. त्या घिऊ का आता?”

जालिंदरची नजर एकदा भिंतीवरच्या कागदाकडे गेली. खोलीत चार माणसं ऐकत बसली होती. तो म्हणाला, “राहू द्या की मावशी. चूर्ण हाय ना.”

गुडघा खरंच हलका झाला, म्हणून सारजाबाईंनी बाकीचंही खरं मानलं. काही महिने त्या पुडी नेत राहिल्या. मग येईनाशा झाल्या. चप्पल लागून त्यांचा पाय चिघळला होता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण अंगठा काढावा लागला. गिताबाईंनी येऊन हे जालिंदरला सांगितलं.

पुढच्या महिन्यात सारजाबाई काठी टेकत स्वतःच आल्या. “पुडी संपलीया,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हनला, गोळ्या सोडल्या म्हनून झालं. मी म्हनलं, आमचा जालिंदर तसं सांगायचा न्हाई, माझंच कायतरी चुकलं आसंल.”

जालिंदर त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. “मावशी, डॉक्टर खरं बोलला. गोळ्या सोडा म्हनायचा मला अधिकार नव्हता. चूर्ण द्यायचा बी नव्हता. त्या कागदावरच लिवलंय.”

“वाच.”

त्यानं वाचून दाखवलं.

“म्हंजी तुला ठावं व्हतं.”

“व्हय.”

सारजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. “मला वाचाया येत न्हाई, जालिंदर,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर तुला इचारलं व्हतं.” मग पुडी न घेता त्या निघून गेल्या.

त्याच दिवशी जालिंदरनं मला उकिरड्यावर पालथं केलं आणि घासून धुतलं. गिताबाईंनी मात्र मला घरी घेतलं नाही. “जिथं चुकली, तिथंच राहू दे तिला,” म्हणाल्या. तेव्हापासून मी खाटेशेजारी उघड्या तोंडानं उभी असते. येणारा माणूस सुया टोचून घेण्याआधी आपल्या डॉक्टरच्या गोळ्या माझ्यात ठेवतो. सुया काढल्या की जालिंदर त्या परत देतो आणि सांगतो, “ह्या चालू ठेवा. कमी-जास्त करायचं आसंल तर डॉक्टरला इचारा.” आता कुणी पुडी मागत नाही. हातात काहीतरी घेऊनच घरी जातात ना.

दोन वर्षांनी सारजाबाईंचा गुडघा पुन्हा धरला. त्या आल्या, गोळ्यांची पट्टी माझ्यात टाकली, आणि खाटेवर पडण्याआधी भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, “आधी त्ये वाच.”

त्या आजही प्रत्येक वेळी वाचायला लावतात, आणि तो वाचतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी घासूनपुसून स्वच्छ होते. पण ओळखीची बरणी दिसली म्हणून हात पुढे करू नका, आत काय आहे ते विचारा. आणि उद्या तुम्हाला कुणी विश्वासानं विचारलं, तर जेवढं आपल्याला येतं तेवढंच सांगा. सारजाबाईंनी विचारलं होतं. मला तोंड आहे, पण वाचा नाही. जालिंदरला होती.