मालवाहू म्हाताऱ्याची भरारी

मित्रांनो, मी एक जुने मालवाहू विमान आहे. लढाऊ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मला पाहायला येणारी मुले सगळ्यात आधी माझ्या नाकावर बंदूक शोधतात आणि ती दिसली नाही की हिरमुसतात. माझ्याकडे आहे एक इंजिन, दोन रुंद पंख आणि पोटात एक लांबट खोली. कारखान्यात माझ्या अंगावर पत्रा बसवणारी एक बाई मला पाहून म्हणाली होती, "हे विमान आहे की पंख लावलेली पेटी?" मला राग आला नाही. पेटीत माणसे मोलाच्या वस्तू ठेवतात.

माझ्या तरुणपणी युद्ध पेटले. डोंगरातल्या एका चौकीला शत्रूने वेढा घातला. रस्ते तुटले. आत जखमी जवान होते आणि औषधे संपली होती. चौकीच्या खाली नदीचे कोरडे पात्र होते. विमान उतरले तर उतरले, नाहीतर तिथेच संपले, एवढीच ती जागा. माझे कप्तान अबोल गृहस्थ. त्यांनी वरून एक घिरटी घातली. तेवढ्यात खाली एक जवान जखमी पाय ओढत रांगत आला आणि जिथे वाळू घट्ट होती तिथे त्याने पांढरी चादर पसरली. "चल बाबा," कप्तान मला म्हणाले. दोन लढाऊ विमानांनी वरून शत्रूला डोके वर काढू दिले नाही आणि मी त्या चादरीपाशी उतरलो. सगळे जखमी माझ्या पोटात मावले. चादर पसरणाऱ्या त्या जवानाला शेवटी आत उचलून घेतले. आम्ही उडालो तेव्हा माझी चाके झाडांच्या शेंड्यांना घासली.

त्यानंतर माझा फोटो वर्तमानपत्रात आला. माझे खूप कौतुक झाले. मग युद्ध संपले, नवी विमाने आली आणि मला एका धावपट्टीच्या कडेला ताडपत्रीखाली उभे केले. कबुतरांनी माझ्या पंखात संसार थाटला. कप्तान मात्र सुट्टीच्या दिवशी यायचे, सोबत त्यांची छोटी लेक असायची. ती माझ्या खुर्चीत बसायची तेव्हा तिचे पाय खाली पोचत नसत. पुढे कप्तान गेले. लेक मोठी होऊन प्रवासी विमाने चालवू लागली, पण मला विसरली नाही. एका म्हाताऱ्या मेकॅनिकला हाताशी धरून, सुट्ट्या खर्ची घालून तिने माझे इंजिन पुन्हा बोलते केले.

अशात एक बातमी आली. वेढ्याच्या त्या प्रसंगाचे हवाई प्रात्यक्षिक व्हायचे होते. जुनी विमाने उडवून लोकांना तो दिवस जसाच्या तसा दाखवायचा. त्याची बैठक माझ्याच पंखाखाली भरली, कारण तिथे सावली होती. आयोजक होते एक निवृत्त मेजर. त्यांनी फरशीवर खडूने नदी काढली, लढाऊ विमानांच्या जागी खेळण्यातली विमाने ठेवली आणि माझ्या जागी काड्यापेटी.

"दोन लढाऊ विमानं येतील, धूर, स्फोट, सगळं झोकात होईल," मेजर म्हणाले. "हे म्हातारं कोपऱ्यात उभं राहील. शोभेला."

"मग काका, जखमींना बाहेर कोण काढणार?" लेकीने विचारले.

"निवेदक सांगेल ना."

"वेढ्यातली माणसं निवेदनाने बाहेर आली नव्हती."

मेजरांनी बैठकीला आलेल्या, विमानांची तपासणी करणाऱ्या अधिकारी बाईंकडे पाहिले. बाई कडक होत्या, पण सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "मैदानावर मी चुन्याची रेघ मारते. तिच्या आत विमान थांबवून दाखवा. नाही थांबलं तर ते कोपऱ्यात उभं राहील. आणि उडताना आत एकही पाहुणा नको."

मग जखमींचे काय करायचे? मेजरांनीच तोड काढली. जखमी एका दाराने चढतील आणि धुराच्या आडून दुसऱ्या दाराने गुपचूप उतरतील. जखमी व्हायला बँकेतले एक कारकून हौसेने पुढे आले. ते इतके मनापासून कण्हायचे की मेजरांना सांगावे लागले, "अहो, थोडं कमी दुखू द्या."

सरावाच्या दिवशी एक आजोबा काठी टेकत आले. चादर पसरणारा जवान तो हाच. "चादर मी पसरणार," ते म्हणाले.

"आजोबा, तिथे रांगत जायचंय. त्यासाठी तरुण मुलगा ठरवलाय," मेजर म्हणाले.

"मग मी चालत जातो. तेव्हा पाय धड नव्हता. आता आहे."

मेजर हसले आणि चादर त्यांच्या हाती दिली.

पण पहिल्याच प्रयत्नात अलगद टेकण्याच्या नादात मी जमिनीवरून पुढे तरंगत गेलो आणि रेघ ओलांडली. दुसऱ्यांदाही तेच झाले. लेकीचा चेहरा उतरला. बाईंनी नुसती मान हलवली. "आणखी एकदाच," त्या म्हणाल्या. लेक माझ्या चाकाशी बसून राहिली. आजोबा तिच्याजवळ आले.

"पोरी, तू त्याला काचेचं भांडं समजून उतरवतेस."

"जुनं आहे हो. मोडलं तर?"

"तुझ्या वडिलांनी धाडकन उतरवलं होतं. वाळू माझ्या तोंडावर उडाली."

तिने माझ्या चाकाकडे एकदा नीट पाहिले. मग उठली आणि मेकॅनिककडून माझी चाके, ब्रेक, एकेक सांधा पुन्हा तपासून घेतला. तिसऱ्या खेपेला तिने मला कमी वेगाने आणले आणि तरंगू न देता जमिनीवर असे धाडकन टेकवले की माझ्या हाडांनी गाणे म्हटले. मी रेघेच्या पुष्कळ अलीकडे थांबलो. बाई चालत आल्या, रेघ पाहिली, मला पाहिले. "कोपरा रिकामाच ठेवा," त्या मेजरांना म्हणाल्या.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेले होते. लढाऊ विमाने गर्जत गेली. मग धुरातून मी आलो. आजोबांनी चादर पसरली आणि बाजूला ताठ उभे राहिले. मी उतरलो, थांबलो, जखमी चढले, कारकून अगदी बेताने कण्हले, धुराआडून सगळे दुसऱ्या दाराने उतरले, आणि मी पुन्हा आकाशात झेपावलो. खाली टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या इंजिनाच्या आवाजातही तो मला ऐकू आला.

गर्दी पांगल्यावर आजोबा माझ्या दाराशी आले. "त्या दिवशी मला आत उचललं, तेवढंच आठवतं," ते लेकीला म्हणाले. "मग शुद्ध गेली. आयुष्यात एकदाच विमानात बसलो आणि वरून काहीच दिसलं नाही."

लेकीने बाईंकडे पाहिले. बाई घड्याळ पाहण्यात दंग झाल्या. "प्रात्यक्षिक संपलं," त्या म्हणाल्या. "आता पाहुणा चालेल."

त्या दिवशी आजोबा पुढच्या खुर्चीत बसले. आम्ही उंच चढलो. खाली शेते, रस्ते, घरांची छपरे उन्हात चमकत होती. आजोबा काचेला नाक लावून पाहत राहिले. "बघ, केवढं आहे हे सगळं," ते म्हणाले, आणि ते लेकीशी बोलत होते की माझ्याशी, कोण जाणे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, एवढेच मागतो. पण नुसते झाकून ठेवू नका. आम्हाला तेल द्या, पुसा, तपासा आणि मग निर्धास्तपणे कामाला लावा. झाकून ठेवलेल्या विमानात फक्त कबुतरे राहतात. माझ्या पोटात मात्र पुढच्या महिन्यात डोंगरातल्या गावांना न्यायच्या औषधांच्या पेट्या ठेवायच्या आहेत, आणि मी आताच नाक वर करून उभा आहे.