पंचवीस डॉलरची तपासणी

"पंचवीस डॉलरांत मी कुत्र्याचं खोपटंसुद्धा तपासणार नाही," लोवेल हॅस्केट म्हणाला आणि कॉफीचा मग त्याने जरा जास्तच जोरात उपाहारगृहाच्या टेबलावर ठेवला.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसला तो ड्वेन, ज्याला लागावं म्हणून हे बोललं होतं. हेच लोवेलला सहन होत नसे. आपण मारे नेमका टोमणा मारावा आणि समोरच्याने तो पॅनकेकबरोबर खाऊन टाकावा, मग करायचं काय?

"खोपटाचे वेगळे मिळत नाहीत रे," ड्वेन सिरप ओतत म्हणाला. "कुत्रा, कोंबड्या, पोरांचा झोपाळा, सगळं त्याच पंचविसांत."

पुन्हा हशा. वाढणारी बाईसुद्धा ड्वेनच्या मगात न विचारता कॉफी ओतून गेली. लोवेलचा मग रिकामाच राहिला.

सव्वीस वर्षं या भागात कुणी घर विकत घ्यायचं म्हटलं की आधी लोवेलला बोलावत. तो सकाळी येई, माळ्यापासून फरशीखालच्या पोकळीपर्यंत अर्धा दिवस घर पालथं घाली आणि घेणाऱ्याच्या हातात चाळीस पानी अहवाल ठेवी. त्याचे चारशे डॉलर घेताना त्याला कधी मान खाली घालावी लागली नव्हती. ड्वेनही हेच काम करी. पण मधल्या रिकाम्या दिवसांत तो विमा कंपन्यांसाठी घरं बघत हिंडे. बाहेरून एक चक्कर, चारी बाजूंचे फोटो, एक पानी फॉर्म, की पुढचं घर. आता फेब्रुवारी होता. बर्फात घरं कोण घेतो? लोवेलचा फोन नऊ दिवस वाजला नव्हता. ड्वेनचा पॅनकेक संपेपर्यंत दोनदा वाजला.

घरांची दलाली करणारी रोंडा बाहेर जाताना त्यांच्या टेबलापाशी थांबली. "ड्वेन, हिल स्ट्रीटचं विटांचं घर गुरुवारी बघशील ना?" मग तिला लोवेल दिसला. "अगं बाई, लोवेल! मी तुझंच नाव देणार होते. पण घेणारी म्हणाली ड्वेनच हवा. विम्याच्या कामाला तो तिच्या आईकडे गेला होता म्हणे."

"बरं झालं," लोवेल म्हणाला. रिकामा मग त्याने पुन्हा ओठांना लावला.

हा ड्वेन प्रुइट कोण? छपरं घालणारा गडी. एका छपरावरून पडला, पाय मोडला, घरी बसला. लोवेलने त्याला दोन वर्षं आपल्याबरोबर फिरवला. भिंतीला ओल कुठून येते, तुळई कुठे दबते, चिमणीचा धूर कुठे अडतो, बोट धरून शिकवलं. स्वतःची जुनी शिडीसुद्धा देऊन टाकली. आणि आता त्याच शिडीवरून हा आपल्या डोक्यावरून वर गेला होता.

घरी येऊन त्याने नॉर्मासमोर सगळं ओकून टाकलं. नॉर्मा त्याची बायको. शाळेच्या कचेरीत काम करायची आणि तिला गावातलं सगळं ठाऊक असायचं.

"तो आपला धंदा बाटवतोय," लोवेल म्हणाला. "उद्या लोक म्हणतील, घर तपासायला पंचवीसच तर लागतात."

"लोक तसं काही म्हणत नाहीत," नॉर्मा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "लोक म्हणतात, ड्वेन आला होता, भला माणूस आहे. दिवसाला सहा दारांत उभा राहतो तो. तू किती दारांत उभा राहतोस?"

"मग मीही जाऊ का भीक मागत?"

"मी कुठे म्हटलं? पण नऊ दिवस तू त्या खिडकीत उभा आहेस, आणि मी बघतेय."

दुसऱ्या दिवशी नॉर्मा शाळेत गेल्यावर लोवेलने ड्वेनच्या एका विमा कंपनीच्या तपासनिसांच्या यादीत आपलं नाव घातलं. नॉर्माला सांगितलं नाही, उपाहारगृहातल्या मंडळींना तर नाहीच. स्वतःला म्हणाला, नुसतं बघायचंय कसं असतं ते. खरं म्हणजे ड्वेनकडे जे होतं ते त्याला हवं होतं, आणि ते ड्वेनपेक्षा चांगलं करून दाखवायचं होतं. तो पाच मिनिटांत जे पाहत नाही ते मी दाखवीन. मग कळेल कंपनीला, तपासणी म्हणजे काय असते.

मुद्दाम लांबलांबची घरं त्याने घेतली. तरी तिसरंच निघालं मिसेस केसलर यांचं, गावाबाहेरच्या रस्त्यावरचं पांढरं लाकडी घर. आर्डिथ केसलर तीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या. लोवेलची दोन्ही पोरं त्यांच्याच बसने शाळेत गेलेली. नवरा एमेट तीन वर्षांपूर्वी गेला होता.

"लोवेल! तू?" त्यांनी दार उघडलं. "मला वाटलं ड्वेन येईल."

"आज मी आलोय," लोवेल म्हणाला. तेवढ्या एका वाक्याने त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं.

काम बाहेरून चक्कर मारायचं होतं. त्याने दोन तास घेतले. बर्फात गुडघे टेकून तो पोर्चखाली शिरला आणि खांबाच्या बुडात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. मागच्या पायऱ्या मोजल्या, दुर्बिणीने छपराचा उत्तरेचा उतार न्याहाळला. मिसेस केसलर खिडकीतून कौतुकाने बघत होत्या. शेवटी त्यांनी त्याला आत बसवून बरणीतल्या पीचचा गोड पुडिंगसारखा पदार्थ गरम करून दिला.

"इतकं बारकाईने कुणी बघितलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "ड्वेन आला की आधी गप्पाच मारत बसतो."

"प्रत्येकाची पद्धत," लोवेल म्हणाला आणि आणखी एक चमचा घेतला. किती दिवसांनी काहीतरी चवीने खाल्लं होतं त्याने.

फॉर्मवर 'इतर शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती. लोवेलने सतरा मुद्दे लिहिले आणि सोबत छत्तीस फोटो जोडले. सगळे खरे, एकेक शब्द मोजून लिहिलेले.

तीन आठवड्यांनी बर्फ वितळून अंगणात चिखल झाला तेव्हा मिसेस केसलर स्वतःच गाडी चालवत आल्या. नॉर्माने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी हातमोजे न काढताच पर्समधून पत्र काढलं.

"विमा बंद करतायत," त्या म्हणाल्या. "तीस दिवसांत. एमेटच्या दुखण्यात मी घरावर बँकेचं कर्ज काढलंय, आणि बँक म्हणते विमा नसेल तर चालणार नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांना फोन केला, त्या मला उभं करेनात. टूसॉनहून मुलगा म्हणतो, विकून टाक, इकडे ये. मी त्या वाळवंटात काय करू रे?" त्यांनी पत्र लोवेलपुढे सरकवलं. "काहीतरी चूक झालीय. तू एवढं नीट बघून गेलास. तुझं नाव आहे, तुझं ऐकतील. तू सांग त्यांना."

लोवेलने पत्र वाचलं. 'पोर्चच्या दक्षिणेकडील खांबाचे बूड कुजलेले. स्क्रूड्रायव्हर दीड इंच आत जातो.' 'मागील पाच पायऱ्यांना कठडा नाही.' 'मेपलच्या झाडाची फांदी छपराला टेकलेली.' कंपनीने एकही शब्द बदलला नव्हता. आपलं वाक्य माणसाला कुठेही ओळखू येतं. दीड इंच लिहिताना त्याला किती बरं वाटलं होतं, तेही त्याला आठवलं.

"बघतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"ड्वेनला विचारलं मी," मिसेस केसलर उठता उठता म्हणाल्या. "तो म्हणाला शनिवारी येऊन सगळं दुरुस्त करून देतो."

आणि एवढं सगळं होऊनही, घर बाईच्या हातून जातंय हे समोर दिसत असूनही, लोवेलच्या मनात पहिला विचार आला तो हाच: त्याला का विचारलं? माझ्याआधी त्याला का?

त्या गेल्यावर नॉर्माने टेबलावरचं पत्र पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "स्क्रूड्रायव्हर," ती म्हणाली. "लोवेल, हे तू लिहिलंयस?"

त्याने पत्राची घडी घातली. नॉर्माने पुढे विचारलं नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ड्वेन आपल्या गॅरेजात होता. भिंतीला लोवेलची जुनी शिडी टांगलेली. लोवेल दारातच उभा राहिला.

"केसलरांच्या घरी विम्याच्या कामाला मी गेलो होतो."

"ठाऊक आहे," ड्वेन म्हणाला. "त्यांनी पत्र दाखवलं. दीड इंच! एवढ्या थंडीत, एवढ्या बर्फात पोर्चखाली दुसरं कोण शिरणार?"

"त्यांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? ते तुझं तू बघ."

लोवेलला हेही लागलं. हा मोठेपणासुद्धा यानेच दाखवायचा. "मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही," तो म्हणाला. "तू काय करतोस? डोळे झाकून सही?"

पहिल्यांदाच ड्वेनचा चेहरा आवळला. "डोळे कशाला झाकू? तूच उघडलेस ना ते? मी जाऊन आधी दार वाजवतो. सांगतो, बाई, पायऱ्यांना कठडा नाही, कंपनी विमा बंद करील. कंपनी मला दहा दिवस देते. गुरुवारी परत येतो, तोवर मुलाला बोलवा, शेजाऱ्याला बोलवा, कुणीच नसलं तर मी येतो. झालं की मग फोटो. फोटोत जे आहे ते खरंच असतं." तो थांबला. "आपल्या नेहमीच्या कामात कागद घेणाऱ्याच्या हातात जातो, लोवेल. त्याच्या भल्याचा असतो. हा कागद त्या बाईच्या हातात जातच नाही. तिच्याविरुद्ध जातो."

"पंचवीस डॉलरांसाठी दोन खेपा?"

"आणि कधी कधी माझंच लाकूड. हिशोब लावलास तर तोट्यातच आहे मी. पण ती माणसं मग घर घेताना मलाच बोलावतात, त्याला मी काय करू?"

लोवेल घरी परतला तो सगळा रस्ता ड्वेनवर चिडत. तो चुकला असता तर किती सोपं झालं असतं.

शनिवारी सकाळी सातलाच तो लाकडं घेऊन मिसेस केसलरांच्या दारात उभा होता. ड्वेन यायच्या आधी. त्याने टोपी काढली.

"मिसेस केसलर, ते पत्र... त्यातलं सगळं मी लिहिलंय. चूक कंपनीची नाही, माझी आहे."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. बसमध्ये पोरं दंगा करायची तेव्हा आरशातून बघत तशा.

"आणि माझं पीच खाल्लंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला वाईट करायचं नव्हतं, हे कळतं मला. पण मग एवढं सगळं लिहिलंस कुणासाठी?"

याचं उत्तर लोवेलला ठाऊक होतं. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मिसेस केसलर आत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं, आपटलं नाही.

ड्वेन आला. दोघांनी पोर्चला टेकू दिला, कुजलेला खांब काढून नवा बसवला. ड्वेन मेपलवर चढला तेव्हा लोवेलने शिडी धरली. स्वतःची शिडी, दोन्ही हातांनी, खालून. मोडलेला पाय प्रत्येक पायरीवर जरा रेंगाळत होता; लोवेल तेवढ्याकडे बघत राहिला. वरून लाकडाचा भुसा त्याच्या टोपीवर पडत होता. फांदी उतरल्यावर ड्वेन छपराची कड नीट करायला गेला. लोवेलने मागच्या पायऱ्यांचा कठडा एकट्याने केला. टोकं घासून गुळगुळीत केली, म्हाताऱ्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. असा कठडा त्या भागात दुसऱ्या कुणाला जमला नसता, आणि हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

दुपारी मिसेस केसलर सँडविच घेऊन बाहेर आल्या. पहिली बशी त्यांनी ड्वेनला दिली. दुसरी लोवेलपुढे कठड्यावर ठेवली आणि कठड्यावरून एकदा तळहात फिरवला.

"कंपनीशी बोललोय मी," ड्वेन त्यांना म्हणाला. "फेरतपासणीचं काम माझ्याकडेच आलंय. हे फोटो गेले की विमा चालू राहील. सोमवारी पत्र येईल तुम्हाला."

मिसेस केसलरांनी एप्रनने डोळे पुसले आणि ड्वेनचा गाल थोपटला. लोवेल हातोडी पुसत राहिला. ती कधीच पुसून झाली होती.

ड्वेनने फोन काढला. पुढची बाजू झाली, पूर्व झाली, पश्चिम झाली. मग तो मागे आला, चिखलात दोन पावलं मागे सरला, फोन डोळ्यांसमोर धरला.

"लोवेल, जरा बाजूला हो रे. फोटोत येतोयस."

लोवेल कठड्यापासून एक पाऊल सरकला.

"अजून जरा."

तो घराच्या कोपऱ्याशी गेला, हातोडी हातात धरून, आणि ड्वेनचा फोटो काढून होईपर्यंत तिथेच उभा राहिला.