घरटं आहे, शांतता राखा

“इतकं दाट लावू नकोस,” गेक आँटी कुंपणापलीकडून म्हणाल्या. “आत शिरलेल्या माणसाला बाहेर यावंसं वाटणार नाही.”

किमया केळीसारख्या पानांच्या हेलिकोनियाच्या कंदाभोवती माती दाबत होती. मान वर न करताच ती हसली आणि म्हणाली, ही जागा माणसांसाठी नाहीच, बुलबुलांसाठी आहे. समोरच्या ब्लॉकमधल्या या म्हातारीला केळीत भूत दिसत असणार, असं तिने फोनवर मंदारला सांगितलं. मंदार जहाजावर इंजिनिअर, घरी कमी आणि समुद्रावर जास्त. भूत असलंच तर त्याला पाणी घालायला लाव, तेवढाच तुला आराम, असं तो म्हणाला. नागपुरात दोघांच्याही घरी बुद्धवंदना व्हायची, भूतबित कधी चाललं नव्हतं.

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या दोन ब्लॉकच्या मधला जमिनीचा तो तुकडा वर्षभरात ओळखू येईना. किमयाने फवारणी बंद करवली, पालापाचोळा झाडायचा नाही असं सगळ्यांना पटवलं, कढीलिंब सुरवंटांना सोडून दिला. शेजारणी आमटीला पानं मागायला आल्या की तिची पंचाईत व्हायची. पण फुलपाखरं आली, शिंजीर आले, एक घोरपड येऊन उन्हात पडू लागली. येत्या रविवारपासून बाग सगळ्यांना खुली करायचं रहिवाशांच्या समितीने ठरवलं.

त्याच सुमारास तिला ती हालचाल दिसायला लागली.

संध्याकाळी कणीक मळताना ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघायची. वारा नसे. केळी स्तब्ध, पानं गप्प. आणि मधोमध, जिथे हेलिकोनिया सगळ्यात दाट होता, तिथली पानं आतून कोणीतरी बाजूला केल्यासारखी हलत. मग बुलबुल एकदम थांबत. बराच वेळ काही होत नसे. ती हात न धुता तशीच उभी राहायची, हातावरची कणीक सुकून जायची. घोरपड असेल, असं ती स्वतःला सांगे. पण घोरपड इतक्या उंचीवरची पानं हलवत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

एकदा तिची चार वर्षांची लेक जाई बागेतून वर आली ती ओठांवर बोट ठेवून.

“काय झालं गं?”

“इनसाइड गॉट समवन, लाह,” जाई इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. “आत कोणीतरी आहे. मला शश्श करतं.”

त्यानंतर किमयाने जाईला एकटीला खाली सोडलं नाही. लिफ्टमध्ये ती लेकीचा हात इतका घट्ट धरायची की पोर कुरकुरायची. रविवारी तर शंभर लोक येणार, त्यांची मुलं त्या झुडपांत धावणार. शनिवारी ऊन उतरायला लागल्यावर तिने जाईला शेजारच्या ऋताकडे बसवलं आणि मोठी कात्री घेऊन खाली गेली. मधली सगळी दाट झाडी कापून टाकायची, असं ठरवूनच.

पहिलं पान बाजूला केलं तेव्हा तिला चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या. त्यापुढे एक पालथी कुंडी, आणि कुंडीवर, गुडघे जवळ घेऊन, गेक आँटी.

“कापू नकोस,” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांच्या गालावर जुन्या जांभळ्या वळावर नवा लाल वळ होता. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. पानांमधल्या फटीतून समोरची चौथ्या मजल्यावरची खिडकी दिसत होती, तिच्यावर त्यांची नजर होती. किमया चिखलातच खाली बसली.

आँटींनी तुटक तुटक सांगितलं. अंकल दिवसा बरे असतात, पेपरसुद्धा वाचतात. उन्हं कलली की त्यांना बायको ओळखू येत नाही. घरात कोणीतरी बाई घुसली आहे म्हणून ओरडतात, हाताला येईल ते मारतात. मग त्या खाली येतात. अंकल गॅलरीतून शोधतात, पण इथे बसलं की वरून दिसत नाही.

“अंधार पडला की निवतात. मग मी वर जाते,” आँटी म्हणाल्या, “आणि परत त्यांची बायको होते.”

किमयाने मुलाबद्दल विचारलं, डॉक्टरबद्दल विचारलं. मुलगा अंकलना कुठेतरी नेऊन ठेवेल, एवढंच उत्तर मिळालं. वर खिडकीत एक पांढरं डोकं आलं, इकडेतिकडे फिरलं. आँटींनी श्वास धरला. किमयानेही.

रविवारी लोक आले. सेरंगूनहून आले, पाया लेबारच्या ऑफिसांतले आले, गळ्यात कॅमेरे घालून. मधल्या झुडपांभोवती दोरी होती आणि किमयाच्या अक्षरातली पाटी: घरटं आहे, शांतता राखा. लोक खरोखर कुजबुजत चालले. एका गृहस्थांनी पक्षी कुठला म्हणून विचारलं.

“लाजाळू आहे,” ती म्हणाली. “संध्याकाळीच येतो.”

त्यानंतर रोज संध्याकाळी ती खिडकीत उभी राहायची, पानं हललेली दिसेपर्यंत. हलली की तिचा जीव शांत व्हायचा, आणि आपण कशाने शांत होतोय हे जाणवून पुन्हा उडायचा. कोणाला तरी सांगायला हवं, असं तिने मंदारला दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने आँटींनाच म्हटलं. आँटींनी तिचा हात दाबला, आणि नको म्हणून मान हलवली.

मग मंदारला मुंबईत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. निघायच्या संध्याकाळी टॅक्सी खाली उभी होती, सामान चढलं होतं. किमया रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकीशी थांबली होती. ऊन गेलं. पान हललं नाही.

“अगं, विमान आहे ना आपलं,” मंदार दारातून म्हणाला.

विमानतळावरून तिने आँटींना फोन केला. मुंबईतून केला. घंटा वाजत राहते. ऋताला तिने सगळं सांगितलं. ऋता दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. अंकल जाळीच्या दारामागून अदबीने म्हणाले, की इथे ते एकटेच राहतात. संध्याकाळी त्या घरात दिवा लागतो, असं ऋता म्हणते. कोण लावतं ते तिला दिसलेलं नाही. समितीने मुलाचा पत्ता शोधतो म्हटलंय.

सिंगापूरला निघालेल्या प्रत्येकाला किमया हे सांगते. तुम्हालाही सांगायचं आहे. बाग रविवारी खुली असते. फुलपाखरं बघा, फोटो काढा. मग समोरच्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर जा आणि बेल वाजवा. अंकल सभ्य आहेत, दिवसा ते छान बोलतील. त्यांच्याशी बोला, पण मागे फिरू नका. गेक आँटी स्वतः दारात येईपर्यंत तिथेच उभे राहा.