चार बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. दचकू नका, मी आजवर कुणाच्या पाठीत बसलेली नाही. एका चित्रदालनात कुठलं चित्र किती उंचीवर टांगायचं, एवढंच मी सांगते.

माझा जन्म दालनाच्या मालकांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या मापाने झाला. तेव्हा ते तरुण होते, दालन नुकतंच उघडलं होतं. ते भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, आजींनी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर माझ्यावर खूण केली आणि तिथेच मला कापलं. "चित्राने माणसाच्या डोळ्यात बघितलं पाहिजे," असं आजोबा म्हणायचे. माझ्या टोकाशी पेन्सिल धरून त्यांनी चारही भिंतींवर रेघ मारली. प्रत्येक चित्राचा मध्य त्या रेघेवर! काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! मोठमोठे चित्रकार हुज्जत घालायचे, पण शेवटी माझंच खरं व्हायचं.

मग एकदा भिंतींना नवा रंग लागला आणि जुनी रेघ झाकली गेली. त्याच दुपारी आजोबांच्या नऊ वर्षांच्या मुलाने माझी तलवार केली आणि दाराच्या चौकटीवर मला हाणलं. टोक मोडलं! पोराच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या करवतीने त्याने माझं टोक गुपचूप सारखं केलं, वर पॉलिश चोळलं. मी चार बोटं बुटकी झाले. मला तोंड असतं तर तेव्हाच बोंब ठोकली असती.

आजोबांनी माझ्यावरून नवी रेघ मारली, चित्रं टांगली आणि समोर उभे राहिले.

"हल्ली चित्रं माझ्या डोळ्यात बघत नाहीत गं," ते आजींना म्हणाले.

"अहो, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

तीनदा चष्मा बदलला. माझ्यावर मात्र त्यांनी एकदाही संशय घेतला नाही. हळूहळू त्यांचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वासच उडाला. कुठलं चित्र चांगलं, हे ते दुसऱ्यांना विचारू लागले. पुढे दालनात यायचेच थांबले. मुलगा सगळं बघत होता. रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज गप्प बसायचा. असं करता करता एक दिवस आजोबा गेले.

गेले म्हणायचं आपलं! दालन मुलाकडे आलं आणि रोज संध्याकाळी दिवे मालवताना त्याला ते दिसू लागले. भिंतीसमोर ताठ उभे, नजर चित्रांच्या मध्यापासून चार बोटं वर, जुन्या रेघेच्या उंचीवर. खोटं कशाला बोलू, त्यांचा तळवा मलाही जाणवायचा. माझ्या कापलेल्या टोकावर तो काहीतरी चाचपत राहायचा. मला भीती नाही वाटायची, लाज वाटायची.

मुलाचे केस पिकले. त्याने दालन आपल्या लेकीच्या हाती द्यायचं ठरवलं. गेल्या महिन्यात ती भिंतीचा जुना रंग खरवडत होती.

"बाबा, इकडे या ना. आपल्या रेघेच्या वर आणखी एक रेघ आहे. काठी लावून बघितली, पोचतच नाही. आजोबांचं माप चुकलं होतं का हो?"

मुलाने मला तिच्या हातून घेतलं.

"त्यांचं नाही चुकलं, बाळा. काठी मी मोडली होती."

"मग आजोबांना सांगितलंत ना?"

"तेवढंच राहिलं," असं म्हणून तो साठीचा माणूस हमसून हमसून रडला.

लेकीने त्याचे डोळे पुसले. मग दोघांनी मिळून एक चित्र वरच्या, जुन्या रेघेवर टांगलं.

संध्याकाळी मुलाने दिवे मालवले आणि मागे वळून पाहिलं. आजोबा उभे होते, चित्राच्या डोळ्यात डोळे घालून. कित्येक वर्षांनी त्यांना असं बघताना पाहून मला भरून आलं. पण मुलाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. फार तर एक धपाटा मिळेल. तो एक धपाटा मिळावा म्हणून आमचा हा म्हातारा मुलगा अजून रोज दिव्यांच्या बटणांपाशी थांबतो.