टाळ्यांवरचं इंग्रजी

मालनचे वडील कीर्तनकार. तिचं लहानपण कीर्तनातच गेलं. पुढे विधवा झाल्यावर ती रत्नागिरीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली, तेव्हा कीर्तनही तिच्या मागोमाग वर्गात आलं.

त्याला कारण झाला अपूर्ण भूतकाळ. तो मुलींच्या डोक्यात काही केल्या शिरेना. शेवटी तिने पुस्तक मिटलं.

"आख्यान रंगात आलं की बुवा कसं सांगतात गं? सीता फुलं वेचत होती, एवढ्यात हरीण आलं. वेचत होती! काम अजून चालूच आहे. म्हणा, सीता वॉज प्लकिंग फ्लॉवर्स!"

तिने चाल लावली, मुलींनी टाळ्यांचा ठेका धरला. आठवड्यात वर्ग तयार.

हेडमास्तर महिपतराव मात्र कडाडले, "बाई, ही शाळा आहे की देऊळ? परवा इन्स्पेक्टर येतायत. त्यांच्यासमोर गाणं झालं तर नोकरीवर कायम होणं विसरा!"

मालनने मुलींना बजावलं, चाल नाही, टाळी नाही.

इन्स्पेक्टरांनी वाक्य विचारलं. सखू उठली. "सीता वॉज…" पुढे गाडी हलेना. खतिजा उठली. "माय फादर वॉज…" तीही अडली.

"काहीच शिकवलेलं दिसत नाही," साहेब म्हणाले.

सखूचे डोळे भरून आले. ते पाहिलं मात्र, मालनने पदर खोचला आणि स्वतःच टाळी दिली. वर्ग उसळला. सीता फुलं वेचू लागली, खतिजाचा बाप बसऱ्याच्या वाटेवर गलबत हाकू लागला, एकही क्रियापद चुकलं नाही. आणि शेवटी, भजन संपल्यावर म्हणायची सवय म्हणून, निम्मा वर्ग ओरडला, "पुंडलीक वरदा हाऽरि विठ्ठल!"

साहेब टोपी उचलून चालते झाले.

महिपतरावांनी कागद पुढे सरकवला. "माफी लिहा. पुन्हा गाणार नाही म्हणून. इंग्रजीत."

मालनने लिहिलं, 'आय वॉज सिंगिंग. द गर्ल्स वेअर लर्निंग.' खाली सही ठोकली.

"यात माफी कुठाय?"

"चूक कुठाय ती दाखवा, मग लिहिते."

"उद्यापासून येऊ नका!"

"येणार. काढल्याचा कागद हातात पडेपर्यंत मी इथली मास्तरीण आहे. आणि माझा पुढचा तास सुरू झालाय."

ती वर्गात गेली. दार तिने सताड उघडं ठेवलं, कचेरीपर्यंत ऐकू जावं म्हणून.