चार वाजल्यानंतर

ऑरिन ट्वेटने अंडं वाडग्यातल्या कॉफीच्या पुडीवर कवचासकट फोडलं आणि हात तसाच हवेत धरून तो उभा राहिला. बोटांवरून बलक ओघळत होता.

"आता?"

"आता कुस्कर," लाव्हॉन म्हणाली. "कवच, बलक, पूड, सगळं एकत्र. लाजतोस काय? जन्मभर गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेस तू."

तिचा स्वतःचा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता. मागच्या आठवड्यात पोस्टाच्या पायरीवर बर्फावरून पाय घसरला होता. ऐंशी ओलांडलेली ही बाई डाव्या हाताने पावात हॅम भरत होती आणि तोंडाने ऑरिनला हाकत होती.

चर्चच्या तळघरातल्या या स्वयंपाकघरात ऑरिनने आज पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. बाप्तिस्मा याच चर्चमध्ये, लग्न याच चर्चमध्ये, पण ते सगळं खिडकीच्या पलीकडे. वाढपाच्या खिडकीच्या आत बायका आणि बाहेर पुरुष, असा इथला रिवाज. तशी पाटी कुणी लावलेली नव्हती. लावायची वेळच आली नव्हती. आज डुएन ब्रेकेला मूठमाती देऊन सगळे परतले होते, ओले बूट दारात काढून टेबलांभोवती बसत होते, आणि कॉफीचा पत्ता नव्हता. कप मागायला म्हणून ऑरिन खिडकीशी आला, तेव्हा लाव्हॉन एका हाताने ते भलंमोठं भांडं शेगडीवर ओढत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बाकीच्या कुठे आहेत?" त्याने विचारलं होतं.

"बाकीच्या वर दफनभूमीत झोपल्यात, डुएनच्या शेजारी. मर्ना थंडीची ॲरिझोनाला गेली. तरुण पोरी नोकरीवर. बघत काय उभा आहेस, ये आत."

एकेकाळी महिला मंडळात तीस जणी होत्या. आता मंडळ म्हणजे लाव्हॉन.

ऑरिनला मतं होती. मतं गावात सगळ्यांनाच असतात, पण बाकीचे ती हवापाण्याच्या गप्पांत कालवून देतात. ऑरिन ती कोरडीच वाढायचा. धान्याच्या कोठारापाशी सकाळच्या कॉफीचं एक टेबल होतं, त्याला सहा खुर्च्या. तो ज्या पक्षाला शिव्या द्यायचा त्या पक्षाचे दोघं आधी उठले. मग तो ज्या पक्षाची बाजू घ्यायचा त्यातलेही दोघं उठले, कारण त्यांची बाजू त्याला पुरेशी कडक वाटत नव्हती. घरात बसून काम करणाऱ्यांच्या कामाला तो काम म्हणत नसे. दुकानात आपलं सामान आपणच यंत्रावर मोजून पैसे भरायचे, ही त्याच्या लेखी वेठबिगारी होती. हॅनाबाई चर्चच्या पाळक म्हणून आल्या तेव्हा विरोधात पडलेलं एकच मत कुणाचं, हे चिठ्ठी न उघडताही सगळ्यांना ठाऊक होतं. डुएन तेवढा टिकला, कारण ऑरिन बोलायला लागला की तो कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचा. आणि आता डुएनही गेला होता.

मघाशी बाहेर ऑरिनच्या टेबलावर सात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जाताना प्रत्येकाने खांद्यावर हात ठेवला, "डुएन चांगला माणूस होता" म्हटलं, आणि पुढच्या टेबलावर जाऊन बसला. माणसांनी भरलेल्या खोलीत एकटं बसणं फार वाईट. घरी एकटं बसताना निदान कुणी बघत तरी नाही.

"झालं कुस्करून," तो म्हणाला.

"मग टाक उकळत्या पाण्यात. आणि उतू जाऊ देऊ नकोस."

काळा लगदा पाण्यात पडला. अंड्याची कॉफी ऑरिन समजायला लागल्यापासून पीत आला होता. तिच्या वतीने तो एकदा भांडलाही होता. चर्चच्या वार्षिक सभेत बटण दाबलं की कॉफी होणारं मोठं यंत्र घ्यायचा ठराव आला होता. ऑरिन उठला आणि म्हणाला, "शंभर वर्षं आपल्या बायकांनी हाताने कॉफी केली. यंत्राची कॉफी पेट्रोलपंपावर मिळते. तिथे जाऊन प्या." लोक हसले आणि ठराव पडला. आर्डिस, त्याची बायको, शेजारीच बसली होती. घरी येताना गाडीत ती काहीच बोलली नाही. तिला आपलं बोलणं आवडलं, असं ऑरिनला त्या वेळी वाटलं होतं.

"आता उतरव ते," लाव्हॉन म्हणाली. "वाढपाच्या कट्ट्यावर ठेव."

ऑरिनने भांड्याचे दोन्ही कान धरले आणि उचललं. भांडं शेगडीवरून जेमतेम सुटलं आणि त्याच्या मनगटात कळ गेली. त्याने ते पुन्हा खाली टेकवलं.

"हे एकीने उचलायचं?"

"दोघींनी. पण दुसरी नेहमी कशात तरी अडकलेली असायची. आर्डिस म्हणायची, राहू दे गं, मी उचलते."

आर्डिस रात्री मनगटांना पट्टे बांधून झोपायची. वयाचं दुखणं, असं ऑरिन समजत आला होता. त्याने पुन्हा कान धरले, पण आता नुसतेच धरून ठेवले.

"लाव्हॉनमावशी, काही मदत—"

खिडकीत सॉन्या उभी होती. त्याची मुलगी. डुएन तिचा धर्मपिता होता, ती येणार हे ऑरिनला माहीत होतं. चर्चमध्ये त्याने तिची पाठ पाहिली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कमरेच्या फुलाफुलांच्या एप्रनकडे पाहिलं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

"ये की," लाव्हॉन म्हणाली. "त्या बाजूने धर."

सॉन्या आत आली. तिने एक कान धरला, ऑरिनने दुसरा. भांडं कट्ट्यावर गेलं. बापलेकींनी एकत्र काही उचलल्याला तीन वर्षं झाली होती.

भांडण गाईंवरून झालं होतं. सॉन्याने गोठा हातात घेतला आणि धारा काढायला यंत्रं बसवली. माणूस लागत नाही, गाय आपल्या मर्जीने आत जाते, यंत्र धार काढतं, आणि काही अडलं तर मालकिणीला फोनवर कळतं. ऑरिनने तिला विचारलं होतं, "आणि वाचलेल्या वेळाचं तू करणार काय?" इथवर ठीक होतं. पण मग तो कोठारापाशी सगळ्यांदेखत बोलला, "ज्या घरात बाई कारखाना चालवते आणि नवरा घरी पाव भाजतो, त्या घरात मी जेवायला बसणार नाही." ट्रॉय, तिचा नवरा, खरंच चांगला पाव भाजायचा. बोलणं संध्याकाळपर्यंत गोठ्यात पोचलं. ऑरिन आणि आर्डिस गावात पाण्याच्या टाकीजवळ लहान घर घेऊन राहिले, आणि मागच्या हिवाळ्यात आर्डिस गेली.

"थांब," लाव्हॉनने ऑरिनला अडवलं. तो कपात ओतायला निघाला होता. "गार पाणी?"

"कसलं गार पाणी?"

"वरून कपभर गार पाणी ओतायचं, तेव्हा गाळ तळाला बसतो. सभेत भाषण दिलंस ना रे तू कॉफीवर?"

सॉन्याने तोंड फिरवलं. तिला हसू आलं की काय, हे ऑरिनला दिसलं नाही. त्याने कपभर गार पाणी ओतलं. वरचा काळा थर हळूहळू खाली गेला आणि मधासारखी स्वच्छ कॉफी वर आली.

सॉन्याने कॉफीचे जग भरले आणि टेबलांवर फिरवले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "लाव्हॉन, आज कॉफी झकास झाली आहे!"

"मी नाही केली. ट्वेटने केली."

"कुठल्या ट्वेटने?"

"तोंडाळ ट्वेटने."

तळघरभर हसू पसरलं. पहिल्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने कप उंच करून खिडकीकडे दाखवला. ऑरिनने मान हलवली आणि उगाच फडकं शोधायला लागला.

मग भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. खुर्च्या सरकल्या. चार म्हणजे धारेची वेळ. गोठेवाले उठले, टोप्या घातल्या, बूट चढवले. जन्मभर ऑरिन असाच उठला होता. लग्न असो, नामकरण असो, अंत्यविधी असो, चार वाजले की टोपी. आर्डिस मागे राहायची आणि कुणाच्या तरी गाडीतून घरी यायची. किती वाजता यायची, हे त्याला आज आठवत नव्हतं, कारण ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

लाव्हॉनला तिचा भाचा घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "कप मोजून ठेवू नका, धुवून ठेवा." स्वयंपाकघरात दोघंच उरली. सिंकमध्ये कपांचा ढीग होता.

"बाबा, चार वाजले," सॉन्या म्हणाली. "जायचं नाही तुम्हाला?"

"कुठे जाऊ? गाई तुझ्याकडे आहेत."

"त्या दिवशीही माझ्याकडेच होत्या."

ऑरिनला कळलं, कुठला दिवस ते. आर्डिसच्या अंत्यविधीच्या दिवशीही त्याने चार वाजता टोपी घातली होती. वाट बघणारी एकही गाय नव्हती, तरी तो उठला, डुएनच्या गाडीत बसला आणि रिकाम्या घरी जाऊन बसला. आपण असं का केलं, हे त्याने तेव्हापासून स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पाय आपोआप उठले," तो म्हणाला.

"मी इथेच होते. याच सिंकपाशी. मला वाटलं, बाबा आत येतील."

"आत?"

"हो. आत."

पुरुषमाणूस इथे आत येत नाही, हे वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. आपण फुलाफुलांचा एप्रन बांधून उभे आहोत, हे त्याला आठवलं. त्याला लाज वाटली, आणि ती एप्रनची नव्हती.

त्याने बाह्या सरसावल्या आणि गरम पाण्याचा नळ सोडला.

"तू जा. तुझी धारेची वेळ झाली," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"मला जायचं नाही. यंत्र काढतंय धारा."

हे ती ताठ मानेने म्हणाली. आता तो काहीतरी बोलणार म्हणून तिने अंग चोरलं होतं, लहानपणी वासरू लाथ मारणार असं वाटलं की चोरायची तसं. ऑरिनजवळ बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्याने एक कप विसळून तिच्यापुढे धरला.

सॉन्याने खुंटीवरचं फडकं काढलं आणि कप पुसला.

तळघराच्या वरच्या बारीक खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. ते सिंकच्या कडेवर पडलं, मग पाण्यावर, मग दोघांच्या हातांवर. बर्फावरून आलेलं पांढरं, हलकं ऊन. या वेळेला इथे ऊन येतं, हे ऑरिनला ठाऊक नव्हतं. आर्डिसला ठाऊक होतं. ते ती कुणाला सांगणार होती?

"ट्रॉय बरा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे."

"पाव भाजतो अजून?"

सॉन्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याच्या आवाजात टोमणा सापडला नाही, तेव्हा म्हणाली, "शनिवारी."

तेवढ्यात कट्ट्यावरचा तिचा फोन थरथरला. तिने हात पुसून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?"

"एक गाय यंत्रात जाऊन नुसती उभी आहे. बाहेर निघत नाही. मागच्या खोळंबल्या."

"कोण गं?"

"डॉटीची नात."

"डॉटीही अशीच हट्टी होती," तो म्हणाला. आणि विचारलं, "मग जावं लागेल तुला?"

"बघते थोडा वेळ. कधी कधी आपली आपण निघते."

तिने फोन दोघांच्या मध्ये ठेवला. ऑरिन कप धूत राहिला, पण कान फोनकडे होते. वाट मोकळी कर, बाई, तो मनात म्हणत होता. त्या यंत्राला काही होऊ देऊ नकोस. आयुष्यात कुठल्या यंत्राचं त्याने भलं चिंतलं नव्हतं, आणि आता तो देवाचं नाव घेऊन चिंतत होता. सिंकमधले कप संपत आले होते. शेवटचा त्याने फार वेळ घासला.

फोन पुन्हा थरथरला. सॉन्या वाकली.

"निघाली."

"निघाली?"

"हो. दुसरी आत गेलीसुद्धा."

ऑरिनने श्वास सोडला. सिंकमध्ये नुसतं फेसाचं पाणी उरलं होतं. सॉन्याच्या पाठीमागे पुसलेल्या कपांच्या रांगा होत्या. तिने फडकं पिळलं आणि वाळत घालायला हात वर केला, तसा त्याने रांगेतला एक कोरडा कप हळूच उचलला आणि पाण्यात घातला.

सॉन्याने ते पाहिलं. फडकं तिने पुन्हा खांद्यावर टाकलं आणि हात पुढे केला.